मार्चमधले म्हातारे

फेब्रुवारीच्या मध्यावर, निम्मी अमेरिका दारातला बर्फ उपसत असते तेव्हा, बेसबॉलचे तीस संघ ऊन शोधत दक्षिणेकडे निघतात. पंधरा फ्लोरिडात, पंधरा ॲरिझोनात. मार्चअखेरीस खरा हंगाम सुरू होईपर्यंत तिथे सराव चालतो आणि लुटुपुटीचे सामने होतात. फ्लोरिडातल्या सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग म्हणतात, ॲरिझोनातल्यांना कॅक्टस लीग. एकीकडे फळ, दुसरीकडे काटे. पण मी ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांच्या वाट्याला दोन्ही राज्यांत बहुधा काटेच येतात.

सगळ्यांच्या आधी पोचतात पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर. पिचर म्हणजे आपला गोलंदाज. फक्त तो धावत येत नाही, मातीच्या उंचवट्यावर उभं राहून साठ फुटांवरच्या कॅचरकडे टप्पा न पाडता चेंडू फेकतो. हे काम माणसाच्या खांद्याला आणि कोपराला मुळात मान्य नाही. म्हणून त्यांची मनधरणी करायला फलंदाजांपेक्षा थोडे दिवस जास्त लागतात. एकेका शिबिरात असे तीसेक पिचर असतात. हंगामात मुख्य संघात जागा सव्वीस, त्यातल्या पिचरना जास्तीत जास्त तेरा. तेरापैकी दहा-अकरा जागा हिवाळ्यातच ठरून गेलेल्या असतात. उरलेल्या दोन-तीन जागांसाठी डझनभर माणसं महिनाभर घाम गाळतात. त्यांतली काही विशी-बाविशीतली, मानेवर अजून लव असलेली. आणि काही पस्तिशी ओलांडलेली. माझा जीव या दुसऱ्यांत गुंततो.

ते ओळखायला सोपे असतात. संघाच्या चाळीस जणांच्या अधिकृत यादीत त्यांचं नाव नसतं. करार खालच्या, म्हणजे मायनर लीगचा, आणि सोबत ‘शिबिरात या, टाकून दाखवा, मग बघू’ एवढंच आमंत्रण. जर्सीवर बहुतेकदा साठ-सत्तरच्या घरातला आकडा, कारण बरे आकडे आधीच वाटून झालेले. यातल्याच एखाद्याच्या नावाच्या जर्सी दहा वर्षांपूर्वी दुकानात टांगलेल्या असायच्या. पगारही चालू झालेला नसतो. मोठ्या लीगचा पगार हंगामापासून मोजतात, शिबिरात मिळतो तो भत्ता. आयुष्यात काही दशलक्ष डॉलर कमावलेला हा गृहस्थ सकाळी सकाळी मागच्या मैदानावर रांगेत उभा राहतो आणि उजवीकडे चेंडू गेला की पहिल्या बेसकडे कसं धावायचं याचे धडे गिरवतो. हे धडे तो वीस वर्षं गिरवतोय. कोच त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असण्याची शक्यता आहेच.

दर वसंतात वर्तमानपत्रांत एक बातमी येते: अमुक पिचर सध्या आयुष्यातल्या सर्वोत्तम तब्येतीत आहे. कोणी वजन उतरवलेलं असतं, कोणी योगासनं धरलेली असतात, कोणी साखर सोडलेली असते. ही बातमी इतकी वर्षं छापली जातेय की अमेरिकेत आता तिची थट्टा करणं हीच एक परंपरा झाली आहे. छत्तिसाव्या वर्षी सर्वोत्तम तब्येत लाभली असेल तर सव्विसाव्या वर्षी काय चाललं होतं, हा वात्रट प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. बरंच आहे. तब्येतीबद्दल असला प्रश्न आपल्यालाही कोणी विचारू नये, असं वय आता जवळ आलंय.

मग सामने सुरू होतात. आपला म्हातारा दोन इनिंग टाकतो, पाच हिट खातो, चार धावा देतो आणि टॉवेलने मान पुसत बातमीदारांना सांगतो, ‘आज मी फक्त चेंजअपवर काम करत होतो.’ तरुण पोर असं म्हणालं तर लोक गालातल्या गालात हसतात. म्हाताऱ्याच्या बाबतीत पंचाईत अशी, की ते खरंही असू शकतं. मुरलेला पिचर मार्चमध्ये खरोखरच एखादा चेंडू हातात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा टाकत राहतो. समोरच्या फलंदाजाने तो कुठे भिरकावला याची त्याला फिकीर नसते. त्यात ॲरिझोनाची कोरडी हवा. तिथे कर्व्हबॉल हवा तेवढा वळत नाही आणि टोलवलेला चेंडू मात्र लांब लांब जातो. तेव्हा मार्चमधल्या आकड्यांवर कोणीही विसंबू नये, असं मॅनेजर सांगतात, कोच सांगतात, तज्ज्ञ सांगतात. आणि मग सगळे मिळून तेच आकडे बघत बसतात.

असाच एका मार्चमध्ये भाच्याबरोबर स्कॉट्सडेलजवळच्या मैदानात गेलो होतो. तिथे कुंपणाबाहेरच्या उतारावर हिरवळ आहे. लोक चादरी पसरून सहलीला आल्यासारखे बसतात. मैदानात एक दाढी पिकलेला माणूस चेंडू टाकायला आला.

‘हा कोच का रे?’

‘नाही मामा, पिचर आहे. एकोणचाळीस वर्षांचा.’

‘मग इथे काय करतोय?’

‘नोकरी शोधतोय.’

भाचा स्वतः त्या वर्षी नोकरी शोधत होता, त्यामुळे त्याने हे फार गंभीरपणे सांगितलं. मी पण मग पाय जवळ घेऊन नीट बसलो. पहिल्या फलंदाजाने चेंडू थेट आमच्या हिरवळीवर आणून टाकला. पिचरने नवा चेंडू मागून घेतला, तळव्यांत घोळला, टोपी सारखी केली आणि पुढच्या फलंदाजाकडे असं बघितलं की जणू मधल्या काळात काही घडलंच नाही. पुढचे तिघे बाद. भाचा म्हणाला, ‘बघितलंस? याचे पैसे देतात.’

त्याचं बोलणं तेव्हा विनोदी वाटलं होतं, पण या निवडीचं मर्म त्यातच आहे असं मला आता वाटतं. चेंडूचा वेग मोजायला यंत्रं आहेत, गिरक्या मोजायला कॅमेरे आहेत, आणि त्या परीक्षेत बावीस वर्षांचा पोरगा केव्हाच पुढे जातो. म्हाताऱ्याकडून हवं असतं ते निराळंच. हंगाम १६२ सामन्यांचा. त्यातले साठ-सत्तर चांगल्यातला चांगला संघही हरतो. रोज हरायचं म्हटलं तर त्याचीही काही शिस्त लागते. पहिल्याच इनिंगमध्ये चार धावा गेल्या तरी पाचव्या-सहाव्या इनिंगपर्यंत तग धरायचा, पाठीमागच्या बुलपेनमधल्या, म्हणजे मदतीला बसवलेल्या राखीव पिचरांपैकी, सहकाऱ्यांना उद्यासाठी वाचवायचं, बाकावर येऊन कशाला लाथ मारायची नाही. पोरगा ज्या दिवशी वाईट टाकतो त्या दिवशी तो स्वतः खचतो आणि त्याच्याबरोबर आठवडाही खचतो. म्हातारा वाईट टाकतो तेव्हा फक्त सामना हरतो. संघ त्याला घेतात ते त्याच्या पराभवाचा आकार आधीच माहीत असतो म्हणून. ही पात्रता अर्जात कुठल्या रकान्यात लिहायची, हा प्रश्नच आहे.

पण एवढं असूनही निवड मैदानावर होते म्हणावं तर तसंही नाही. बरीचशी कागदावर होते. तरुण पिचरला संघ आपल्या मर्जीने खालच्या लीगमध्ये पाठवू शकतो आणि परत बोलावू शकतो. अशी मुभा साधारण तीन हंगाम असते. ती संपली की त्याला खाली धाडण्याआधी बाकीच्या संघांपुढे ठेवावं लागतं, आणि कोणीही त्याला उचलून नेऊ शकतो. पाच वर्षांची सेवा झालेला गडी तर ‘मी खाली जाणार नाही’ असं सरळ सांगू शकतो. म्हणून होतं असं, की महिनाभर उत्तम टाकलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारून त्याला खाली पाठवतात आणि मार खाल्लेला चौतीस वर्षांचा माणूस संघात राहतो. माळ्यावर तांब्याचं घंगाळ असतं. वर्षानुवर्षं कोणी त्यात पाणी तापवत नाही. पण दाराबाहेर ठेवायचं म्हटलं की घरातल्या सगळ्यांना एकदम आठवतं, शेजारच्या काकूंची त्याच्यावर नजर आहे. घंगाळ परत माळ्यावर जातं.

आमंत्रणावर आलेल्यांचं गणित याच्या बरोबर उलट. त्यांना घ्यायचं तर चाळीसच्या यादीत जागा करावी लागते, म्हणजे कोणाला तरी काढावं लागतं. किंवा कोणाचं तरी कोपर निकामी व्हावं लागतं. गंभीर दुखापत झालेल्याला साठ दिवसांच्या यादीत टाकलं की जागा रिकामी होते. त्यामुळे शिबिरात एखादा पिचर दंड धरून मैदानाबाहेर गेला की सगळे मनापासून हळहळतात, आणि त्या हळहळणाऱ्यांत दोघे-तिघे असे असतात की त्यांना आपल्याच मनाची लाज वाटत असावी. मुरलेल्या काहींना करारातच सुटकेच्या तारखा मिळतात: हंगामाच्या पाच दिवस आधी, मग १ मे, मग १ जून. तोवर घेतलं नाहीत तर मी माझा मोकळा. या तारखा जवळ आल्या की मॅनेजरच्या खोलीचं दार, ते कधी उघडतं आणि आतून कोण कसा चेहरा करून येतो, याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. बोलावणं घेऊन येणाऱ्या बिचाऱ्या माणसाला खेळाडू यमदूत म्हणतात. तो बहुधा संघातला सगळ्यात सज्जन माणूस असतो.

पण बोलावणं कधी चांगलं निघालं तरी घात होतो. २०१४ मध्ये सिएटल मरिनर्सच्या शिबिरात रँडी वुल्फ नावाचा सदतीस वर्षांचा डावखुरा पिचर होता. कोपराची मोठी शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा झालेली, आधीचं सगळं वर्ष वाया गेलेलं. मार्चअखेरीस मॅनेजरने त्याला बोलावून सांगितलं की तू संघात आहेस. हात मिळवले गेले. आणि मग पुढे एक कागद आला. त्या कागदावर सही केली की पहिल्या पंचेचाळीस दिवसांत संघ त्याला हवं तेव्हा मोकळा करू शकणार होता आणि हंगामाचा उरलेला पगार द्यावा लागणार नव्हता. नियमात बसणारा कागद, बरेच जण मुकाट सही करतात. वुल्फने नाही केली. त्याचं म्हणणं असं, की आपण ज्या अटींवर आलो त्या अटींवर ही जागा कमावली. आता मध्येच नवी अट कसली? संघाने त्याला त्याच दिवशी मुक्त केलं.

सदतिसाव्या वर्षी, दोनदा शिवलेल्या कोपरानिशी, हातात आलेली नोकरी एका सहीपायी सोडणाऱ्या माणसाचं काय करावं? माझ्यातला मध्यमवर्गीय कारकून म्हणतो, अरे बाबा, कर की सही. पण तो हे फार हळू आवाजात म्हणतो. वुल्फ पुढे त्याच वर्षी मायामीकडून थोडे सामने खेळला, पुढच्या वर्षी डेट्रॉइटकडून.

गोष्ट इथे संपत नाही. मरिनर्सची जागा रिकामी झाली, आणि त्याच आठवड्यात त्यांनी ख्रिस यंगला घेतलं. हा चौतीस वर्षांचा, पावणेसात फुटांहून उंच, खांद्याच्या दुखण्यांनी गांजलेला पिचर नुकताच वॉशिंग्टनच्या शिबिरातून बाहेर पडलेला. म्हणजे एका घराने नाकारलेला म्हातारा दुसऱ्या घराने नाकारलेल्या म्हाताऱ्याच्या जागी आला. यंगने त्या हंगामात बारा सामने जिंकले आणि पुनरागमनाचा किताब मिळवला. पुढे तो टेक्सस रेंजर्सचा जनरल मॅनेजर झाला आणि २०२३ मध्ये त्या संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. आता दर मार्चमध्ये कोणाला ठेवायचं आणि कोणाला नाही हे ठरवण्यात त्याचा हात असतो. असा माणूस टेबलाच्या पलीकडे असला की उमेदवाराला बरं वाटत असेल की जास्त धडकी भरत असेल, हे मला सांगता येणार नाही.

कधी कधी मात्र दोन म्हाताऱ्यांना एकदमच जागा मिळते. २०११ मध्ये टँपाच्या शिबिरात न्यूयॉर्क यांकीजनी बार्तोलो कोलोन आणि फ्रेडी गार्सिया या दोघांनाही असंच आमंत्रणावर बोलावलं होतं. कोलोन आधीच्या वर्षी मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू न टाकलेला, देहयष्टीने कोणा हलवायाच्या घरातला वाटावा असा. आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पाच पिचरांतली पाचवी जागा गार्सियाला मिळाली, कोलोन बुलपेनमध्ये बसला. एप्रिलच्या मध्यावर फिल ह्यूज या तरुण पिचरचा हात थकला आणि कोलोन त्याच्या जागी उभा राहिला. त्या वर्षी गार्सियाने बारा सामने जिंकले, कोलोनने आठ. पुढच्या वर्षी उत्तेजक द्रव्यांसाठी कोलोनवर पन्नास सामन्यांची बंदी आली, हेही सांगायला हवं. त्याचं आजोबापण इतकं गोड आहे की लोक ते विसरतात. पंचेचाळिशीला टेकलेला असताना टेक्ससने त्याला असंच पुन्हा एकदा शिबिरातून निवडलं.

सगळ्यांनाच हे जमतं असं नाही. जिम पामर हा बाल्टिमोरचा थोर पिचर १९९० मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, म्हणजे खेळातलं स्वर्गारोहणच ते. पुढच्याच मार्चमध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो शिबिरात हजर. तयारी करताना एका कॉलेजच्या कोचने त्याला, ओळख न पटल्यामुळे, या पद्धतीने टाकलंस तर हॉल ऑफ फेममध्ये कधी पोचायचा नाहीस असं बजावलं, अशी कथा आहे; पामरने नम्रपणे खुलासा केला म्हणे. सराव सामन्यात दोन इनिंग, पाच हिट, दोन धावा. मांडीचा स्नायू दुखावला. पामर स्वर्गात परतला.

या सगळ्यांचा कुलपुरुष जेमी मोयर. १९९२ च्या वसंतात शिकागो कब्जनी त्याला शिबिरातून वगळलं आणि खालच्या संघांत कोच म्हणून ये असं सुचवलं. तेव्हा त्याला तिशीही लागली नव्हती. त्याने नकार दिला आणि कारकिर्दीत एकूण २६९ सामने जिंकले, त्यातले बहुतेक त्या नकारानंतर. २०१० मध्ये कोपर फाटलं, शस्त्रक्रिया झाली, २०११ रिकामं गेलं. २०१२ मध्ये एकोणपन्नास वर्षांचा मोयर कोलोरॅडो रॉकीजच्या शिबिरात आमंत्रणावर आला. त्याने १९८६ मध्ये पहिला सामना खेळला तेव्हा त्या शिबिरातले काही जण जन्मलेही नव्हते. महिनाभर तो आपल्या मंद गतीने टाकत राहिला, समोरची तगडी पोरं घाईने बॅट फिरवत राहिली, आणि शेवटी नाइलाज झाल्यासारखा संघाने त्याला पहिल्या पाचांत घेतलं. १७ एप्रिलला सॅन डिएगोविरुद्ध सात इनिंग टाकून तो जिंकला. वय ४९ वर्षं आणि जवळजवळ पाच महिने. तोपर्यंत इतक्या वयाच्या पिचरने सामना जिंकल्याची नोंद नव्हती. जॅक क्विनचा १९३२ चा विक्रम मोडला. त्या दिवशी त्याचा सगळ्यात जलद चेंडू ताशी ७९ मैलांच्या आसपास होता, म्हणजे जेमतेम १२७ किलोमीटर. आपल्याकडे एवढ्या वेगाच्या गोलंदाजाला मध्यमगती म्हणतात आणि विकेट मिळाली नाही की कर्णधार लगेच फिरकी आणतो.

मे महिना संपता संपता रॉकीजनी त्याला काढलं. दोन जिंकले, पाच हरले. त्यानंतर त्याने आणखी दोन संघांच्या खालच्या लीगमध्ये हात आजमावला. मग थांबला.

मुंबईशी नातं असलेला एक जण या मंडळींत आहे. आर. ए. डिकी. उजव्या कोपरात जो सांधेबंध सगळ्यांना असतो तो याला नाहीच, हे कळल्यावर १९९६ मध्ये टेक्ससने त्याची ८,१०,००० डॉलरची बोली ७५,००० वर आणली होती. पुढे तो नकलबॉलकडे वळला. हा चेंडू बोटांच्या टोकांनी धरून जवळजवळ न फिरवता सोडतात, आणि तो कुठे जाणार हे पिचरलाही ठाऊक नसतं. २०१० मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या शिबिरात डिकी आला, वय पस्तीस, आणि सगळ्यात पहिली गच्छंती त्याचीच झाली. बाकी सगळे अजून सरावात, आणि हा बॅग भरतोय. मे महिन्यात त्याला वर बोलावलं. २०१२ मध्ये वीस सामने जिंकून तो त्याच्या लीगमधल्या सर्वोत्कृष्ट पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन बसला. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो किलीमांजारो चढला होता, मुंबईत वेश्याव्यवसायात ढकललेल्या मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत मिळावी म्हणून. काही बरंवाईट झालं तर करार धोक्यात येईल, असं संघाने बजावूनही. पुढच्या जानेवारीत स्वतःच्या मुलींना घेऊन तो मुंबईत, कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत येऊन गेला. तिथे त्याला कोणी ओळखलं असेल असं वाटत नाही. वर्षातला सर्वोत्तम पिचर समोरून गेला आणि आपण चहा पीत राहिलो, असं कोणाच्या तरी बाबतीत नक्की झालं असेल.

मेट्सच्या त्या शिबिरात कोणाचं चुकलं होतं असं मला वाटत नाही. नकलबॉल टाकणाऱ्या पस्तीस वर्षांच्या माणसाला मार्चमध्ये घरी पाठवणं हे शहाणपणाचंच होतं. शहाणपण दोन महिने पुरलं, एवढंच. कारण खरी निवड पुढेच होते, उन्हाळ्यात, जेव्हा ताशी ९८ मैलांनी टाकणाऱ्या पोरांची कोपरं एकेक करून बोलू लागतात आणि जनरल मॅनेजर फोनमधले जुने क्रमांक शोधायला लागतो.

हे रिच हिलइतकं कोणाला कळलं नसेल. बोस्टनकडचा हा डावखुरा २०१५ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, लाँग आयलंड डक्स या कुठल्याच मोठ्या संघाशी न जोडलेल्या संघातून खेळत होता. तिथून त्याच सप्टेंबरात रेड सॉक्स, पुढच्या वर्षासाठी ओकलंडचे साठ लाख डॉलर, आणि मग डॉजर्सबरोबर तीन वर्षांचे चार कोटी ऐंशी लाख. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने शिबिर हा प्रकारच बाद केला. २०२४ च्या वसंतात तो घरी राहून मुलाच्या संघाला शिकवत होता. ऑगस्टमध्ये रेड सॉक्सनी बोलावलं तेव्हा गेला. २०२५ मध्ये पुन्हा तेच. मार्चमध्ये कोणाच्या रांगेत नाही, मेमध्ये कॅन्सस सिटी रॉयल्सशी खालच्या लीगचा करार, आणि २२ जुलैला शिकागोत, ज्या कब्जकडून २००५ मध्ये त्याने पदार्पण केलं होतं त्यांच्याच मैदानात, त्यांच्याच विरुद्ध, पंचेचाळिसाव्या वर्षी तो चेंडू टाकायला उभा राहिला. पाच इनिंग टिकला आणि व्यवस्थित हरला. आठवड्याने आणखी एक सामना, आणखी एक पराभव, आणि लगेच संघाने त्याला यादीतून कमी केलं. मात्र रॉयल्स हा त्याचा चौदावा संघ असल्यामुळे सर्वाधिक संघांतून खेळण्याच्या एडविन जॅक्सनच्या विक्रमाशी त्याची बरोबरी झाली. जॅक्सनने ते पस्तिसाव्या वर्षीच उरकलं होतं. हिलने घाई केली नाही.